इटलीतील कार्निव्हलचे तळण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इटलीत कार्निव्हलच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवास सुरू होण्याआधीच्या सणाच्या, दिवसांत खाल्ला जाणारा ‘क्याक्येरे’ हा पदार्थ मी घरी करून पाहिला. साहित्य वाचून तो शंकरपाळ्यांच्याच जातीचा वाटला, म्हणून मैद्यात नेहमीप्रमाणे तुपाचे कडकडीत मोहन घातले आणि मंद आचेवर तळले. चव बरी होती, परंतु एकही फोड आला नाही व तुकडे टणक झाले. कोठे चुकले असेल?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपण शंकरपाळे उत्तम केलेत, असेच आपल्या वर्णनावरून दिसते, मात्र क्याक्येरेची खुसखुशीतता मोहनातून येत नाही, ती लाटण्यातून येते, आणि या पदार्थाचे सगळे गणित त्या एका गोष्टीवर उभे आहे. शंकरपाळ्यांत भरपूर मोहन घालण्याचा हेतूच असा असतो की तुपाने मैद्याचे कण वेगळे राहावेत, पिठाला चिवटपणा येऊ नये आणि जाड तुकडाही तोंडात विरघळावा. क्याक्येरेला याच्या नेमके उलट हवे असते. पारी ताणली जाईल इतपत चिवटपणा पिठात असावा लागतो, कारण कढईत पडताच आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ धरून ठेवणारी लवचिक पारी असेल तरच फोड उठतात. मोहन जास्त झाले की पारी ताणण्याऐवजी तुटते व वाफ निसटून जाते.

अडीचशे ग्रॅम मैद्याला 2 अंडी, 20 ते 25 ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, चिमूटभर मीठ आणि मोठा चमचाभर ग्राप्पा किंवा पांढरी वाईन, एवढे प्रमाण पुरते. ग्राप्पा म्हणजे वाईनसाठी द्राक्षे गाळल्यावर उरलेल्या चोथ्यापासून काढलेले मद्य. ते केवळ वासासाठी नसते. अल्कोहोल पाण्याच्या आधी, सुमारे 78 अंशांना उकळते, त्यामुळे तळताना फोड लवकर उठतात आणि पारी कोरडी, कुरकुरीत होते. साखर कमी ठेवण्यामागेही कारण आहे. ती वाढवली तर तुकडे आतून शिजण्यापूर्वीच तांबूस होतात आणि गार झाल्यावर कडक लागतात. गोडी वरून भुरभुरलेल्या पिठीसाखरेची असते. पीठ घट्ट मळून किमान अर्धा तास झाकून ठेवावे, नाहीतर लाटताना पारी आखडत राहते.

मग लाटणे. इटलीत बहुतेक घरांतून यासाठी पास्ता लाटण्याचे यंत्र वापरतात, पण आपल्या पोळपाटावर चिरोट्यांची सवय असलेल्या हाताला ते अवघड नाही. लहान गोळा घेऊन लाटावा, घडी घालून पुन्हा लाटावा, असे तीन-चार वेळा करावे, कारण घड्यांमध्ये अडकलेली हवा पुढे फोडांना मदत करते, आणि शेवटी पारी इतकी पातळ करावी की उचलून उजेडासमोर धरल्यावर मागच्या बोटांची सावली दिसावी. करंजीच्या कातण्याने बोटभर लांब व त्याच्या निम्म्या रुंदीचे तुकडे कापून प्रत्येकाच्या मध्यभागी उभ्या दोन चिरा द्याव्यात. या चिरा शोभेच्या नाहीत. त्यांतून तेल वर येते आणि तुकडा सगळीकडून सारखा तळला जातो.

आच मध्यम ते मोठी, तेल 170 ते 175 अंशांच्या आसपास. पिठाचा कण टाकताच तो बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार आहे असे समजावे. एका वेळी दोन किंवा तीनच तुकडे सोडावेत, प्रत्येक बाजूला वीस-तीस सेकंद पुरतात, आणि रंग फिकट सोनेरी असतानाच झाऱ्याने काढावेत. मंद आचेवर ठेवलेत तर ही पातळ पारी तेल पिते आणि मग टणक होते. आपल्याकडे हेच झाले असावे. तेलाबाबत मुंबईकरांना काही शोधावे लागत नाही : पूर्वी इटलीत डुकराच्या चरबीत तळत, आता घरोघरी शेंगदाणा तेल पसंत करतात. तळलेले तुकडे पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, परंतु पिठीसाखर मात्र ताटात वाढतानाच घालावी, कारण मुंबईच्या दमट हवेत ती तासाभरात ओलसर होऊन चिकटते. पिठात किसलेल्या सालीचा वास हवा असेल, तर आपल्या कागदी लिंबापेक्षा संत्र्याची साल बरी. लिंबाची हिरवी साल कडवट उतरते. वेलची घालण्याचा मोह टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ती घातली की आपल्या जिभेला दिवाळीखेरीज दुसरे काही आठवत नाही.

प्रश्न : आमच्याकडे अंडे व मद्य दोन्ही चालत नाही. तरीही हा पदार्थ करता येईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मद्याऐवजी चमचाभर पांढरे व्हिनेगर वापरता येते. आंबटपणामुळे पीठ थोडे मऊ पडते व लाटायला सोपे जाते, फोड मात्र थोडे कमी येतात. अंड्याचे काम अधिक मोलाचे आहे, कारण गरम तेलात पारीचा आकार तेच धरून ठेवते. दुधात पीठ भिजवून, पातळ लाटून तळलेत तर पदार्थ चांगलाच होईल, पण तो चिरोट्याच्या अधिक जवळ जाईल, आणि त्याला क्याक्येरे म्हणावे असे मला वाटत नाही.

प्रश्न : याच पदार्थाच्या कृती फ्राप्पे, चेंची, बुजीए अशा निरनिराळ्या नावांनी सापडतात. हे पदार्थ वेगळे आहेत का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मूळ पदार्थ एकच, प्रांत निराळे. मिलान व लोंबार्दीत, तसेच दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी क्याक्येरे, रोममध्ये फ्राप्पे, तोस्कानात चेंची, पिएमोंते व लिगुरियात बुजीए, बोलोन्यात स्फ्राप्पोले, व्हेनिसमध्ये गालानी, तर ईशान्येकडे क्रोस्तोली. गालानी सर्वांत पातळ, आणि पिएमोंतेत काही ठिकाणी आत मुरंबाही भरतात. नेपल्सकडे क्याक्येरे ‘सांग्विनाच्चो’ या दाट चॉकलेटमध्ये बुडवून खातात. त्यात एकेकाळी डुकराचे रक्त घालत असत, परंतु 1992 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आल्यापासून आता केवळ चॉकलेटचेच करतात.

प्रश्न : आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे ख्रिस्ती. आमच्या सणासमारंभांत फुग्या असतात. इटलीतही कार्निव्हलला असे गोल तळलेले पदार्थ करतात असे ऐकले. ते उपवासाच्या आधीच का करतात?
— एक वाचक, मरोळ

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण व्हेनिसची ‘फ्रीतोले’ आणि आपल्या फुग्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशाच आहेत. फ्रीतोलेचे पीठ यीस्टने फुगवलेले, सैलसर असते, त्यात मनुका व चिलगोजे घालतात आणि चमच्याने ते तेलात सोडतात; आपल्याकडे नारळाच्या दुधात भिजवलेले पीठ मुठीतून, अंगठा व तर्जनीच्या मधून दाबून सोडले जाते. व्हेनिसमध्ये ही फ्रीतोले तळून विकणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता, आणि 18व्या शतकातील चित्रकार पिएत्रो लोंगी याने ती विकणारी स्त्री चित्रातही रंगवली आहे. मध्य इटलीत हरभऱ्याएवढ्या गोळ्या तळून, मधात घोळवून त्यांचे कडे रचतात, त्याला चिचेरक्याता म्हणतात. सिसिलीतील कान्नोलीही मूळची कार्निव्हलचीच.

उपवासाआधी करण्याचे कारण आपल्या घरातही ठाऊक असेल. राखेचा बुधवार हा उपवासाचा पहिला दिवस; तेव्हापासून ईस्टरपर्यंत पूर्वी मांसाबरोबर अंडी, लोणी व चरबीही वर्ज्य असे. इटलीच्या खेड्यांत हिवाळ्यात डुकरे मारली जात, त्यामुळे घरात ताजी चरबी असे, आणि थंडी ओसरू लागली की कोंबड्याही पुन्हा अंडी घालू लागत. ते सारे उपवासापूर्वी संपवायचे, तर तळणीपेक्षा सोयीचे काय असणार? म्हणूनच राखेच्या बुधवारआधीचे, ‘जाड गुरुवार’ ते ‘जाड मंगळवार’ असे म्हटले जाणारे सहा दिवस तिकडे तळणाचे. मिलानमध्ये मात्र तेथील चर्चच्या स्वतंत्र, संत आंब्रोजच्या नावाच्या विधीनुसार उपवास त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे तेथील कार्निव्हल शनिवारपर्यंत चालतो. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला येत असल्याने तळणीची सुरुवात 4 फेब्रुवारीच्या गुरुवारी करावी. घरी फुग्यांचे पीठ भिजवाल तेव्हा त्यातील थोड्या भागात मनुका घालून पाहाव्यात.