पाणी, बर्फ, वाफ आणि एका अक्षराचं भांडण

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच का, आणि दारावर आलेले यहोवाचे साक्षीदार (त्रैक्य न मानणारा एक पंथ) म्हणतात तसं हा शब्द बायबलमध्ये खरंच नाही का.

दुसऱ्याचं आधी. शब्द नाही, खरंय. लॅटिनमध्ये तो टर्टुलियन ह्या ख्रिस्ती लेखकाने साधारण इ.स. 200 च्या आसपास वापरला. पण प्रश्न बायबलमधलाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू एकदा म्हणतो मी आणि पिता एक आहोत (10:30) आणि चार अध्याय पुढे म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर आहे (14:28), आता ही दोन वाक्यं एका घरात नांदवायची कशी, सगळं भांडण ते. मत्तय 28:19 पण बघा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या 'नावाने' बाप्तिस्मा द्या, 'नावांनी' नाही. ग्रीकमध्येही एकवचनच आहे.

अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने सरळ रस्ता काढला, पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला, सगळ्यात पहिला आणि श्रेष्ठ, पण तो नव्हता असं कधीतरी होतंच. साक्षीदारांचं म्हणणं बरंचसं ह्याच वाटेने जातं. 325 मध्ये निकियाच्या धर्मसभेने ते फेटाळलं आणि पुत्र पित्याच्या 'त्याच' तत्त्वाचा असं ठरवलं. मग काहीजण म्हणाले 'त्याच' नको, 'तशाच' म्हणू! ग्रीकमध्ये हा फरक एका आयोटाचा, म्हणजे एका अक्षराचा, आणि त्यापायी पन्नासेक वर्षं बिशप हाकलले जात होते, निकियाची बाजू लढवणारा अथानासियस तर पाच वेळा हद्दपार झाला. पवित्र आत्म्याचं नीट ठरायला 381 उजाडलं.

आता उदाहरणांचं. लहानपणी वसईला धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला त्रैक्य समजवायला पाणी, बर्फ, वाफ शिकवलं होतं, तेव्हा एकदम पटलं. मोठेपणी कळलं की हे तर साबेलियस नावाच्या जुन्या शिक्षकाचं मत, म्हणजे एकच देव तीन रूपं घेतो, आणि चर्चने ते केव्हाच नाकारलंय, कारण मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो ती कोणाला, स्वतःलाच? त्रिमूर्तीचं उलट होतं, उत्पत्ती-स्थिती-लय अशी कामं वाटली की ऐकणाऱ्याला तीन वेगळे देव वाटतात, त्रैक्यात तशी वाटणी नाही. म्हणजे जे उदाहरण पटकन पटतं ते हमखास कुठल्यातरी जुन्या नाकारलेल्या मतात नेऊन सोडतं. माझा नियम, उदाहरण द्यायचंच नाही.

आणि हे गळी उतरत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तरी त्रैक्यावरून तिथल्या सिस्टर जेराल्डीन ह्या जोगिणीशी त्यांचा पत्रांतून वाद चालू होताच. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने फेकलंय, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, असं बाईंनी स्पष्ट कळवलं. हे बाप्तिस्म्यानंतर बरं का!

साक्षीदार परत आले तर योहान 20:28 काढा, शिष्य थोमा येशूला 'माझा प्रभू आणि माझा देव' म्हणतो ते. माझ्याकडे आलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला तो नुसता आश्चर्याचा उद्गार आहे, दुसरा म्हणाला पुढच्या रविवारी सांगतो. तुमच्याकडचे काय म्हणतात ते मलाही कळवा.