तिरकं पळतंय? मग तो तुडतुडा

प्रश्न : गच्चीत कुंड्यांमध्ये भेंडी लावलीय. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळतायत. नर्सरीवाला म्हणाला मावा आहे, औषध मारा. पण पानामागे बारीक हिरवट काहीतरी आहे आणि हात नेला की ते खेकड्यासारखं तिरकं पळतं. मावा असा पळतो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मावा कसला पळतोय, तो सोंड खुपसून घोळक्यानं एका जागी बसलेला असतो. हे तिरकं पळणारे तुडतुडे, आणि तुम्हाला दिसतायत ती बिनपंखाची पिल्लं. कपाशीवाले शेतकरी याला चांगलेच ओळखून आहेत, भेंडी कपाशीच्याच कुळातली म्हणून हा दोघींनाही सोडत नाही. मादी अंडी पानाच्या शिरेत घुसवते त्यामुळे ती आपल्याला दिसतच नाहीत, आणि फुलपाखरासारखा कोष वगैरे भानगड नाही, पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं. रस ओढताना लाळ पानात सोडतात, म्हणून कड आधी पिवळी मग लालसर आणि शेवटी भाजल्यासारखी. आता सकाळी पान हळूच उलटं करून पिल्लं मोजा. कपाशीत दर पानाला 2-3 पिल्लं झाली की फवारणीचा विचार करतात, तुम्हीही तोच आकडा धरा. भेंडी खायचीय ना, मग 5 टक्के निंबोळी अर्क पुरे, पण पानाच्या खालून मारा, वरून मारून नुसतं पान धुतलं जातं!

प्रश्न : मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की काच चिकट होते, पानंही काळी पडलीत. झाडाला रोग आहे का?

उत्तर : हेही तुडतुडेच, फक्त आंब्यावरची जात वेगळी. मोहराचा रस पितात आणि पचली नाही ती साखर मागून सोडतात, तीच तुमच्या काचेवर. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. ती पान खात नाही पण ऊन अडवते. खरं नुकसान मोहराचं, रस गेला की तो वाळून गळतो. दाट फांद्या विरळ करा, यांना सावली आणि ओल फार आवडते.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास ट्यूबलाइटभोवती हिरवे बारीक किडे येतात, ते चावतात का?

उत्तर : जवळपास भातशेती असेल तर भातावरचे हिरवे तुडतुडे असणार. कधीतरी अंगावर सोंड टोचून बघतात, जरासं चुरचुरतं, रक्तबिक्त पीत नाहीत. जेवताना तेवढा दिवा बंद करून दुसऱ्या खोलीतला लावा, नाहीतर एखादा आमटीत पोहताना सापडतोच, आमच्याकडे दरवर्षी सापडतो.