वाचकांचे प्रश्न : पाळणाघर काढायचे आहे, पण भांडवलाचे काय?

प्रश्न : मी कुडाळ येथे राहते. वय ३४, बालशिक्षणाची पदविका झाली आहे. गावात परिचारिका, शिक्षिका आणि एमआयडीसीत जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली असली तरी लहान मूल दिवसभर सांभाळणारी सोय जवळपास नाही. एक बैठे घर महिना ८,००० रुपये भाड्याने मिळते आहे. मी आणि एक मदतनीस मिळून २५ मुले सांभाळू. प्रत्येकी ३,००० रुपये शुल्क घेऊ. जवळ ८०,००० रुपये आहेत. सहा लाखांचे कर्ज घ्यावे का, आणि घेतल्यास अनुदानाचे घ्यावे की मुद्रा योजनेतले? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या पत्रात कर्जाचा आकडा आधी ठरलेला दिसतो आणि हिशेब त्याच्या मागून आलेला दिसतो. म्हणून प्रथम माणसांचा प्रश्न पाहू. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती हवी, शिवाय मदतनीस वेगळी. आपली २५ पैकी १२ मुले जरी तीन वर्षांखालील असली, तरी त्यांच्यासाठीच दोघी लागतील. ‘मी आणि एक मदतनीस’ एवढ्यावर हे भागणार नाही, आणि पाळणाघराचा सर्वांत मोठा खर्च पाळणे, खेळणी किंवा भिंतींवरची चित्रे नसून पगार हाच असतो.

दुसरे असे की, पहिल्याच महिन्यात २५ मुले येत नाहीत. आई आपले मूल परक्या घरात ठेवताना आधी शेजारणीचे मूल तिथे कसे राहते ते महिना-दोन महिने पाहते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा हिशेब १५ मुलांवर करावा. शुल्काचे ४५,००० रुपये येतील. त्यातून भाडे ८,०००, एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस यांचे मिळून २०,००० (जिल्ह्यात लागू असलेले किमान वेतन पाहून हा आकडा दुरुस्त करावा), दूध-खाऊचे ४,५०० आणि वीज, पाणी, साफसफाईचे ३,५०० वजा केल्यास ९,००० रुपये उरतात. सहा लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,००० रुपये होतो. म्हणजे आपण स्वतः एक रुपयाही न घेता दरमहा ४,००० रुपये घरातून घालाल. तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण ६,५०० रुपये येतो. तो या हिशेबात बसतो, जेमतेम का होईना.

त्यातही बारा महिने सारखे नसतात. एप्रिलअखेर शाळा संपल्या की शिक्षिका मुले घरी ठेवतात, गणपतीत बहुतेक घरांत चाकरमानी आल्यामुळे मुलांना सांभाळायला माणसे असतात, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर सर्दी-तापाने निम्मा वर्ग रिकामा दिसू शकतो. उलट काजू कारखान्यांत जाणाऱ्या स्त्रियांना नेमकी मार्च ते मे या हंगामातच सोय हवी असते. त्यांचा पगार आठवड्याने होत असेल तर शुल्कही आठवड्याने घ्यावे, म्हणजे थकत नाही. मूल आले नाही तरी जागा राखण्याचे ठरावीक शुल्क द्यावे लागेल, ही अट प्रवेश देतानाच लेखी घालावी. मागाहून सांगितल्यास ती भांडणाला कारण होते.

आता योजनांविषयी. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत, ‘किशोर’ गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. त्यात अनुदान नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (लोक ज्याला ‘पीएमईजीपी’ म्हणतात) स्त्री उद्योजकांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान असून स्वतःची गुंतवणूक ५ टक्के पुरते. सेवा व्यवसायासाठी प्रकल्पाची कमाल मर्यादा २० लाख आहे. ऐकायला हे फारच गोड वाटते, म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत आपल्या नावे तीन वर्षे मुदत ठेवीसारखे अडकून राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि व्यवसाय नीट चालू राहिल्यास नंतर ते कर्जात वळते होते. एका कुटुंबातून, म्हणजे पती किंवा पत्नी यांपैकी, एकालाच लाभ मिळतो. आणि ही योजना केवळ नव्या व्यवसायासाठी आहे. ‘आधी स्वतःच्या पैशांनी सुरू करते, मग अर्ज करते’ असा विचार असेल, तर तो पात्रतेच्या मुळावरच येतो. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी आधी, भाडेकरार आणि पाटी नंतर.

आपल्याला माझा सल्ला असा : चार-पाच महिने थांबण्याची तयारी असेल, तर साडेतीन ते चार लाखांचा प्रकल्प करून अनुदानाच्या योजनेत अर्ज करावा; घर हातचे जाण्याची भीती असेल, तर ‘किशोर’ गटातून तीन लाख घ्यावेत. सहा लाख कोणत्याही योजनेतून घेऊ नयेत. प्रकल्प अहवालात सामानाची यादी लांबवण्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांच्या पगार-भाड्यासाठी खेळते भांडवल वेगळे दाखवावे. नवे व्यवसाय बहुधा तिथेच अडखळतात. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनामूल्य होते. त्यासाठी किंवा ‘कर्ज मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

घराविषयी थोडे. बैठे घर आहे हे उत्तम, पण ते उन्हात पाहून ठरवू नका. कौलांची गळती, जांभ्याच्या भिंतींना धरणारी ओल आणि परड्यातली उघडी विहीर पावसाळ्यात कशी असते ते शेजाऱ्यांना विचारावे. विहिरीवर लोखंडी जाळी हवीच. लाकडाच्या ढिगाऱ्यात आणि गडग्याच्या फटींत फुरसे सापडणारा हा मुलूख आहे, तेव्हा अंगण साफ ठेवण्याचा खर्च चैन समजू नये. जुलैत दुपटी वाळत नाहीत आणि वीज वारंवार जाते. त्यामुळे इन्व्हर्टर आणि कपडे धुण्याचे यंत्र ही सामानाच्या यादीत घसरगुंडीच्या वर असावीत. नेमणुकीपूर्वी प्रत्येकीची पोलीस पडताळणी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बहुतेक जणी हर्णै बंदरावर मासळी विकतात. लिलावाच्या वेळी पोरे कुठे ठेवायची हा रोजचा प्रश्न आहे. गटाने पाळणाघर चालवावे का? — एक बचत गट, दापोली तालुका

उत्तर : चालवावे, पण बँकेच्या कर्जाशिवाय. आपली गरज दिवसाकाठी काही तासांची आहे आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ती जवळपास संपते. कमाई थांबलेल्या त्या दोन महिन्यांत हप्ता मात्र थांबत नाही. गटाच्या अंतर्गत बचतीतून एक खोली, चटया आणि पाण्याची सोय करावी, दोघींना पाळीने मानधन द्यावे आणि शुल्क तासावर ठेवावे. अंगणवाडीच्या इमारतीला जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पालना’ ही सरकारी योजना आहे. आपल्या गावासाठी ती मागता येईल का, हे पंचायत समितीतील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना गटाच्या ठरावासह विचारावे. किनाऱ्यावरच्या अशा मुलांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीच्या समुद्रकिनारी ग्रामीण बालशिक्षणाला आरंभ केला, तेव्हा घंटेला शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळेनेच जावे, असे त्यांचे धोरण होते. आपल्या पाळणाघरानेही बंदराचे घड्याळ पाळावे.

प्रश्न : लोटे-परशुराम भागातल्या कंपन्यांना पाळणाघर ठेवणे बंधनकारक आहे, असे ऐकले. मी बाहेर पाळणाघर काढून त्यांच्याशी करार करू शकते का? — एक वाचक, खेड

उत्तर : होय. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय द्यावी लागते; ही अट मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा असल्याने जागा कारखान्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहावी, मात्र रासायनिक कारखान्याच्या कुंपणाला लागून नसावी. करारात मुलामागे दर ठरवताना किमान मुलांची हमी मागावी आणि कंपनीने पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहून घ्यावे. तो करार कर्जाच्या अर्जाला जोडल्यास बँकेला आपल्या उत्पन्नाचा अंदाज कागदावर दिसतो.