तुर्कस्तानातल्या पतारा बीचवर जुलैच्या पहिल्या आठवड्यात जातोय. शांत आहे का? कासवं दिसतील का?

कासवं दिसणार नाहीत. मादी अंडी घालायला रात्री वर येते आणि रात्री बीच बंद असतो, अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात. पिल्लं निघायला लागतात जुलै सरता सरता, तीही बहुतेक रात्रीच. फक्त कासवासाठी एवढा खर्च करत असाल तर करू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या वेळासला जा. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की समुद्राकडे तुरुतुरु पळणारी पिल्लं दिवसाउजेडी बघायला मिळतात. (माझं माहेर वेळास. पक्षपात गृहीत धरा.)

बाकी बीच शांतच. जवळपास १८ किलोमीटर लांब, काठावर एकही हॉटेल नाही, राहायचं आत गेलेमिश गावात. फळ्यांच्या वाटेवरून उतरलात की तिथे कॅफे आणि थोडी माणसं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललात की तुम्ही आणि वारा.

आणि इथेच माझी फजिती झाली. आम्ही जवळच्या कालकान गावातल्या एका दुकानातून छत्री घेतली होती. नवरा म्हणाला, "अगं, पुढे कोणीच नाहीये, तिथे लावू." मी म्हटलं, "पाण्याजवळ लावू या, ओल्या वाळूत." तर म्हणे, भरती आली तर? भरती! भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. पण उन्हात वाद कोण घालणार. मी दांडा दोन्ही हातांनी फिरवत कोरड्या वाळूत खुपसला, चांगला हातभर. तेवढ्यात लांबून एक मुलगा "यासाक! यासाक!" ओरडत पळत आला. यासाक म्हणजे मनाई. त्याने बोटाने दाखवलं: आमच्यापासून सात-आठ पावलांवर लोखंडी जाळीचा पिंजरा, वर घरट्याचा क्रमांक. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून लावतात. अंडी असतात हात-दीड हात खोल, म्हणजे नेमका माझ्या दांड्याएवढ्या खोलीवर. शिवाय सावलीनेही घोळ होतो, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त.

हे सगळं मला तो मुलगा खाणाखुणांनी समजावत होता. मला! आमच्याकडे २००२ साली संवर्धनाचं काम सुरू झालं तेव्हापासून मी घरट्यांच्या गोष्टी ऐकत आलेय. आम्ही अंडी उचलून कुंपणात नेऊन पुरतो, तिथे बहुतेक घरटी जागच्या जागी ठेवतात, म्हणून माझी नजर चुकली, असं मी नवऱ्याला सांगितलं. फलक इंग्रजीतही होता हे मात्र खरं. तेव्हापासून सासरच्या प्रत्येक लग्नात "कासववाल्यांच्या मुलीला कासववाल्याने हाकललं" हा किस्सा रंगतो. जागा कोणी दाखवली हे त्यात कधीच येत नाही.

प्राचीन पतारा शहराचे अवशेष बघा, चुकवू नका. बीचचं तिकीट तेच आहे. नाहीतरी बीचवर जायला त्यांच्यामधूनच जावं लागतं, पण लोक टॉवेल खांद्यावर टाकून सरळ पुढे निघून जातात. लिशियन संघाचं, म्हणजे या भागातल्या प्राचीन शहरांच्या संघाचं, सभागृह तिथे आहे. तेवीस शहरं, मोठ्याला तीन मतं, मधल्याला दोन, लहानाला एक. पताराला तीन होती. दगडी पायऱ्यांवर बसून मी नवऱ्याला म्हटलं, बघ, दोन हजार वर्षांपूर्वी लोक मतदान करून ठरवायचे, आपल्याकडे छत्रीची जागासुद्धा एकजण ठरवतो. शेजारचं थिएटर वाळूत गाडलं गेलं होतं, ते उकरून काढलंय. वाळूने बंदरही गिळलं, आता तिथे पाणथळ आणि वेताचं रान आहे. एवढं मोठं बंदराचं शहर त्यानेच बसलं.

सकाळी लवकर अवशेष, मग समुद्र. उलटं केलंत तर दुपारी दगड चटके देतात आणि सावली नावालाही नाही. पाणी सोबत न्या.

एक राहिलं, मी २०१९च्या जूनअखेर गेले होते. बंद व्हायची वेळ आणि तिकिटाचा दर बदलला असेल, गेटवर विचारा. आणि छत्री न्यायचीच असेल तर सकाळपुरती. दुपारी जो वारा सुटतो त्यात ती कुठेही लावली तरी राहत नाही.