प्रश्न तुमचे, सूक्ष्मजीवशास्त्राचे

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जीवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याच्या पद्धतीत) स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू जांभळा दिसायला हवा, पण माझ्या स्लाइडवर दर वेळी निम्म्या पेशी गुलाबी दिसतात. नेमकं कुठे चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा अल्कोहोलपाशी. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) एक मिनिट, तो पक्का करणारं आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलने धुतल्यावर शेवटी सॅफ्रानिन (गुलाबी रंग) अर्धा ते एक मिनिट. यांत पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. अल्कोहोल मात्र माफ करत नाही. स्लाइड तिरकी धरा, 95 टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा आणि खालच्या कडेवरून गळणारा थेंब बघत राहा. तो जांभळा यायचा थांबला की लगेच स्लाइड पाण्याखाली. याला साधारण 10 ते 20 सेकंद लागतात. ॲसिटोन मिसळलेलं असेल तर त्याहूनही कमी. उशीर झाला, तर जाड पेशीभित्तिकेत अडकलेला क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीन कॉम्प्लेक्सही धुऊन निघतो आणि सॅफ्रानिनला मोकळं रान मिळतं.

वेळ नीट पाळूनही गुलाबी येत असेल तर कल्चर (वाढवलेले जीवाणू) किती जुनं आहे ते विचारा. 18 ते 24 तासांचं हवं. फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या स्लँटवरच्या (नळीत तिरक्या गोठवलेल्या माध्यमावरच्या) पेशींच्या भित्तिका खराब झालेल्या असतात, त्या रंग धरत नाहीत. स्लाइड ज्योतीवर भाजून काढली तरी हेच होतं. दोन-तीनदा झटकन फिरवली की पुरे. हाताच्या पाठीला कोमट लागावी, चटका बसू नये.

उलटी तक्रारही येते, गुलाबी दिसायला हवा असा ई. कोलाय हा जीवाणू जांभळा दिसल्याची. तिथे स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जीवाणूंचा थर) जाड असतो. वाळलेल्या स्मिअरमधून वहीतली अक्षरं वाचता आली पाहिजेत. शंका नको असेल तर एकाच स्लाइडवर डावीकडे स्टॅफिलोकॉकस, उजवीकडे ई. कोलाय आणि मधे तुमचा नमुना घ्या. दोन्ही बाजूंचे रंग बरोबर आले, तरच मधल्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : सिरियल डायल्यूशनमध्ये (कल्चर दर पायरीला दहापट पातळ करत जाताना) 10⁻⁵ च्या प्लेटवर 150 कॉलनी (जीवाणूंचे उगवलेले ठिपके) आल्या, 10⁻⁶ वर 60. तिथे 15 यायला हव्या होत्या ना?

उत्तर : हो. एकच पिपेट शेवटपर्यंत वापरलीत का? 150 हा आकडा खरा धरला आणि प्लेटवर 0.1 मिली पसरवलं असेल, तर मूळ कल्चरमध्ये मिलीला 150 × 10⁵ × 10, म्हणजे 15 कोटी जीवाणू आहेत. (तो शेवटचा 10 परीक्षेत हमखास विसरला जातो.) तुमच्या 10⁻⁶ च्या 10 मिलीच्या नळीत 1,500 जीवाणू असायला हवे होते, निघाले 6,000. वरचे 4,500 यायला कितीसं लागतं? मूळ कल्चरच्या एका थेंबाचा हजारावा भागही त्यासाठी पुरून उरेल. तेवढं तर पिपेटच्या बाहेरच्या अंगालाच चिकटलेलं असतं. म्हणून 9 मिलीमध्ये 1 मिली सोडताना दर पायरीला नवी पिपेट किंवा नवी टिप घ्यायची.

नळी न ढवळता पुढे गेलात तरी आकडे असेच भरकटतात. स्टॅफिलोकॉकस तर घोसांनीच राहतो. अख्खा घोस पडला तरी कॉलनी एकच उगवते. म्हणूनच उत्तर ‘पेशी’ असं न लिहिता ‘सीएफयू’ (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे कॉलनी उगवणारं एकक) असं लिहायचं. आणि हो, 30 ते 300 च्या बाहेरची प्लेट हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे 15 आल्या असत्या तरी ती प्लेट बादच होती.

प्रश्न : गणित नको म्हणून हा विषय घेतोय. चालेल?

उत्तर : कॅल्क्युलस फारसं भेटणार नाही. घातांक, लॉगॅरिदम आणि संख्याशास्त्र मात्र तिन्ही वर्षं पाठ सोडणार नाहीत. 20 मिनिटांना दुप्पट होणारा एक ई. कोलाय सात तासांत किती होईल, हे कागदावर करून बघा. उत्तर 20,97,152 आलं आणि ते कसं आलं हे कळलं, तर खुशाल प्रवेश घ्या.