वहीत न लिहिलेला आकडा

"पथ्य पाळते, गोळ्या चुकवत नाही, तरी शुगर कधी वर, कधी खाली. माझंच काहीतरी चुकतंय." माझ्याकडे समुपदेशनाला येणारं, डायबेटिस असलेलं कुणी ना कुणी दर महिन्याला मला हे ऐकवतं, तेही मान खाली घालून. म्हणून साठी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाईंची शुगरची वही सुवाच्य होती: 118, 124, 121. मी ग्लुकोमीटर मागितलं. पहिल्याच भेटीत ते मागायची माझी सवय आहे आणि ती सहसा वाया जात नाही. मेमरीत 212 होता, 238 होता आणि एका रात्रीचा 58.

"हे वहीत नाहीत, बाई."

"कशाला लिहायचे? डॉक्टर रागावतात. सून विचारते, आई, काय खाल्लंत?"

त्यानंतरच्या दोन-तीन भेटी याच वळणावर अडल्या. मग एकदा विचारलं, "पोरगं चाचणीत नापास झालं की त्याचा पेपर फाडून टाकायचात?"

"छे! कुठलं गणित चुकलं ते बघायचे."

बोलल्या आणि गप्प झाल्या. मग पर्समधून पेन काढून 212 लिहिला. "शेजारी काय लिहू?" हे त्यांचं त्यांनीच विचारलं. मला हवा होता तो हाच प्रश्न.

कुणाच्या बालपणात शिरण्याची मला फारशी गरज वाटत नाही. आकडा बघून माणूस मनात स्वतःला काय म्हणतो, तिथून माझं काम सुरू होतं. बाई स्वतःला म्हणायच्या, "मी बेशिस्त." तो शिक्का पुसला गेला तशी वही खरी झाली.

खऱ्या वहीत सगळं दिसलं. सकाळचा आकडा वाढला की बाई रात्री जेवायच्या नाहीत, गोळी मात्र घ्यायच्या. मध्यरात्री घाम, थरथर. घाबरून तीन-चार लाडू. सकाळी पुन्हा 200 च्या वर. एचबीएवनसी या रक्ततपासणीचा आकडा 7.2, म्हणून सगळे निर्धास्त. पण ती दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. तीत चढही लपतो, उतारही.

वही पाहून डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलली. तो अधिकार त्यांचाच, गोळीत आपल्या मनाने फेरफार नको. सुनेलाही मी सांगितलं, पहाटे यकृत रक्तात साखर सोडतं. उपाशीपोटी आकडा वाढला म्हणजे आईंनी रात्री चोरून खाल्लं असं नव्हे. ताप, जागरण, भांडण यांनीही साखर चढते. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढीच. लाडवांतल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. जेवल्यावर 10-15 मिनिटं चाललात तर जेवणानंतरची उसळी कमी होते. आणि शेजारणीचं लक्ष्य आपल्याला लावू नका. वय, इतर आजार पाहून डॉक्टर ते ठरवतात.

बाईंची एकादशी काही सुटलेली नाही, सुटावी असा माझा आग्रहही नाही. त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून ठेवलंय. साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी, सोबत दही-काकडी, आणि येईल तो आकडा वहीत.