‘तीस वर्षं चालतोय’ यापेक्षा नोटिशीवरची तारीख मोठी

प्रश्न : आम्ही अंधेरी पूर्वेला राहतो. विमानतळाच्या भिंतीला लागून एक छोटं उद्यान आहे, त्याच्या मागून झाडांतून मातीची पायवाट जाते, सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण तिथे चालतो, तीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात झाडांवर रंगाने नंबर टाकले आणि शुक्रवारी नोटीस लागली की विस्ताराच्या कामासाठी ही झाडं काढायची आहेत, हरकती सात दिवसांत द्या. मागच्या गेटला कुलूपही लागलंय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात केंद्राचं काम आहे, कोणी काही करू शकत नाही. इतक्या वर्षांनी आमचा वहिवाटीचा हक्क होत नाही का?

उत्तर : ताई, वहिवाटीचं नंतर बघू, आधी तारीख. नोटीस शुक्रवारची, तुमचा मेल माझ्याकडे आला मंगळवारी, म्हणजे सातातले चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत तुम्ही सेक्रेटरींशी वाद घालत बसलात असं मेलवरून तरी दिसतंय. फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे, बाकीच्यांच्याही कामाला येईल म्हणून लिहितो.

हरकत उद्याच द्या, टपालाने नको, हातोहात द्या. उद्यान अधीक्षकांचं ऑफिस भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडं तोडायची परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या समितीच्या, नावाने अर्ज द्यायचा आणि आपल्या कॉपीवर इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का नंबरासकट घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आणि प्लीज, एकच मजकूर शंभर जणांनी झेरॉक्स काढून सह्या करून देऊ नका. मी एका प्रकरणात अशा गठ्ठ्याची वाट लागलेली बघितलीय, सगळ्या हरकती ‘एकाच स्वरूपाच्या’ म्हणून एका ओळीत निकालात काढल्या. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगवेगळी पत्रं द्या, प्रत्येकात झाडाचा नंबर, जात, बुंध्याचा घेर आणि फोटो. शिंप्याची टेप घेऊन जा, छातीच्या उंचीला घेर मोजा. ज्या पिंपळाखाली तुम्ही बसता म्हणालात तो पन्नास वर्षांपेक्षा जुना असेल तर राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ‘हेरिटेज वृक्ष’ धरला जातो आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, त्यामुळे जुन्या रहिवाशांकडचे जत्रेचे, लग्नाचे, शाळेच्या पिकनिकचे, कसलेही जुने फोटो ज्यात तो पिंपळ दिसतोय ते शोधून काढा. नोटिशीचाही फोटो काढा, बाजूला त्या दिवसाचा पेपर धरून, म्हणजे ती पावसाने फाटली की ‘आम्ही लावलीच होती’, ‘नाही लावली’ हा तमाशा नको.

दुसरं काम डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातल्या नोंदीचा दाखला. महापालिकेच्या साइटवर सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक) टाकून फी भरली की २०३४ च्या विकास आराखड्यात ती जागा काय दाखवलीय ते कागदावर मिळतं. सोबत सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, काढा. या दोन कागदांवर तुमची अर्धी केस उभी आहे किंवा पडलेली आहे. रिमार्कमध्ये ईओएस म्हणजे अस्तित्वातली मोकळी जागा, किंवा आरओएस म्हणजे आरक्षित मोकळी जागा, असं निघालं तर ती जागा दुसऱ्या कामाला द्यायला आधी आराखड्यात बदल करावा लागतो, साधारणपणे एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली, त्यासाठी जाहीर सूचना आणि हरकतींना एक महिना द्यावा लागतो. तो बदल न करता कुदळ मारली तर आपल्याला हायकोर्टात सांगायला बरंच काही आहे. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने बंगळुरूच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली ती रद्द केली होती आणि तिथल्या रहिवाशांना तक्रार करायचा हक्क आहे असंही म्हटलं होतं. बी. एस. मुद्दप्पा असं त्या निकालात प्रतिवादीचं नाव आहे, वकिलाला एवढं सांगितलं की पुढचं त्याला कळेल.

पण रिमार्कमध्ये जागा विमानतळाच्या हद्दीत दाखवली आणि पत्रकावर नावही विमानतळ प्राधिकरणाचंच निघालं तर उगाच आशा लावत नाही, मग पायवाट ही त्यांनी आजवर चालू दिलेली सोय ठरेल. विमानतळाच्या अधिसूचित भागासाठी नियोजन प्राधिकरण महापालिका नसून एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे हेही लक्षात ठेवा, नाहीतर हरकत चुकीच्या टेबलावर पडून राहते. अशा वेळी लढाई झाडांची आणि बदली जागेची, तीही छोटी नाही.

सेक्रेटरींचं ‘केंद्राचं काम’ अर्धं खरं. केंद्राला कायदा लागत नाही असं नाही, उलट विमानतळाच्या प्रकल्पाला साधारणपणे २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीच्या) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते, ती केंद्राच्या मंत्रालयाकडून येते. त्या मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाका, मंजुरीची तारीख, अटी, जनसुनावणी झाली की सूट घेतली, हे तज्ज्ञ समितीच्या मिनिट्समध्ये सापडतं. मंजुरी अलीकडची असेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या, पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यानंतर दार बंद. आणि नुसत्या आरक्षणाचं किंवा वृक्ष कायद्याचं भांडण लवादाकडे घेऊन जाऊ नका, ते कायदे त्यांच्या यादीतच नाहीत, त्यासाठी हायकोर्ट.

आता उशिराबद्दल. मेट्रोच्या कारशेडसाठी आरे कॉलनीतली झाडं तोडली ते आठवत असेलच. ४ ऑक्टोबर २०१९ ला, शुक्रवारी, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर २,१४१ झाडं गेलेली होती. वृक्ष कायद्यात परवानगीनंतर पंधरा दिवस झाड तोडायचं नाही असं आहे, पण त्या पंधरा दिवसांवर डोकं टेकून झोपू नका. प्राधिकरणाचा निर्णय झाला की प्रत मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज वेगळा टाका, आणि याचिका जाईल तेव्हा वकिलाला सांगा की हरलो तरी वर जाण्यापुरती स्थगिती तोंडी का होईना मागूनच ठेवा.

वहिवाटीचं राहिलं. सुविधाधिकार कायद्यात सरकारी जमिनीसाठी तीस वर्षांचा हिशोब आहे हे खरं, पण तो हक्क तुमच्या स्वतःच्या जमिनीला जोडलेला असावा लागतो, म्हणजे माझ्या घराकडे जायचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून, तसा. सकाळी हवा खायला येण्याला तो लागू करणं अवघड, कोर्टात मी तरी तो मुद्दा पहिल्या पानावर घेणार नाही. तीस वर्षांचा उपयोग वेगळा आहे, जागा खरंच लोक वापरतात याचा तो पुरावा, त्यासाठी तुमच्यातल्या चार वयस्कर मंडळींची साधी प्रतिज्ञापत्रं करून ठेवा.

आणि त्या कुलपाची चौकशी आजच करा. माळ्याला विचारा कोणी लावलं. वॉर्ड ऑफिसने लावलं असेल तर त्यामागे कुठलं तरी पत्र असणार, ते मागा. कंत्राटदाराने लावलं असेल तर कोणाच्या परवानगीने, हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा, आणि त्या पत्रावरही इनवर्डचा शिक्का घ्या.